निम्म्या वाट्याची गॅलरी

ज्या मिळकतीला बांध नाही तीच खरी मिळकत, असं सावळारामचं ठाम मत होतं, आणि हे मत त्याने निमगाव सावाच्या शिवारात तीन पिढ्यांची भांडणं बघून कमावलेलं होतं. बांध आला की शेजारी आला, शेजारी आला की त्याचा नांगर वीतभर इकडे आला, आणि नांगर आला की तालुक्याच्या कोर्टाच्या खेपा आल्या. म्हणून नारायणगावात दुसऱ्या मजल्यावर त्याने फ्लॅट घेतला तेव्हा त्याला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर तो पश्चिमेकडच्या गॅलरीचा. तीन बाजूंनी कठडा आणि कठड्यापलीकडे हवा. हवा काही कोणाचा बांध कोरत नाही.

सावळाराम पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होता. कालव्याचं पाणी कोणाच्या रानाला कधी सुटणार, याचे अर्ज त्याच्या टेबलावरून पुढे सरकत, त्यामुळे लोक त्याला भाऊसाहेब म्हणत. पाणी आणि पीक या दोन विषयांत आपल्याला कोणी काही शिकवू नये, अशी त्याची माफक अपेक्षा होती. शेती त्याने सोडली होती. सोडली म्हणजे वडील रखमाजी अजून गावी करत होते आणि हा रविवारी जाऊन बांधावर उभा राहून सूचना करून येत होता.

गॅलरीबद्दल त्याचं एकच स्वप्न होतं. संध्याकाळी कचेरीतून यावं, गॅलरीत खुर्ची टाकावी, हातात चहाचा कप घ्यावा आणि बसावं. एवढंच. पण बसायची वेळ मात्र ठरलेली होती, कारण निमगावची एसटी संध्याकाळी स्टँडवरून सुटली की त्याच्या बिल्डिंगसमोरून जाई, आणि समोरच्या गतिरोधकावर ड्रायव्हरला ती जवळजवळ थांबवावीच लागे. तेवढ्या वेळात अर्ध्या गावाला खिडकीतून सावळाराम दिसला पाहिजे, आणि त्यातही गेणभाऊला दिसला पाहिजे.

गेणभाऊ म्हणजे त्यांचा बांधाला बांध लागून असलेला शेतकरी. हा गृहस्थ मारुतीच्या पारावर बसून सांगत होता, "सावळाराम भाड्यानं ऱ्हातोय. इकत घेतलं म्हणून नुसती हवा. दुसऱ्या मजल्यावर हवाच आसती म्हणा." हे सावळारामला फार लागलं होतं. घराण्यात पहिल्यांदाच कोणीतरी तालुक्याचं कोर्ट न पाहता मिळकत केली होती, आणि ती गावाला कबूल नव्हती.

पहिला आठवडा सावळाराम रोज खुर्चीत बसला. गेणभाऊ दोनदा एसटीत होता आणि दोन्ही वेळा त्याने मान वर करून पाहिलं. रविवारी सावळाराम छाती पुढे काढून गावात गेला, तर पारावर निकाल तयार होता. "बघितला की म्या," गेणभाऊ म्हणाला. "उघडी ग्यालरी आन एक खुर्ची. हे भाडेकरूचंच लक्षण. मालकाच्या घराला कुंड्या असत्यात. भाडेकरू कशाला झाडं लावील? जाताना उचलावी लागत्यात."

सावळारामने ही गोष्ट घरी येऊन तणतणत अश्विनीला सांगितली, तेव्हा बायको या नात्याने तिने त्याची बाजू घ्यायला हवी होती. ती म्हणाली, "खरंय त्यांचं. मी कधीची म्हणतेय चार कुंड्या आणा म्हणून."

"आणतो. पण मी झाडांची चाकरी करणार नाही," सावळाराम म्हणाला. "माझ्या बापजाद्यांनी पुष्कळ केली. ज्यांना माझी गरज नाही अशी झाडं आणणार."

"म्हणजे माहेरी गेलेली बायको," अश्विनी म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

हायवेवरच्या नर्सरीत सावळारामने आपली मागणी कचेरीच्या भाषेत मांडली. दुपारपासून मावळेपर्यंत सणसणीत ऊन, पाणी मिळालं तर मिळालं, खत नाही, छाटणी नाही, फवारणी नाही, मजूर नाही. नर्सरीवाल्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, मंग प्लाष्टिकची न्या. पुसायची तेवढी." सावळाराम दुखावला. पण नर्सरीवाला मनाचा चांगला होता. त्याने कोरफड दाखवली, दोन गोल निवडुंग दाखवले, उन्हात पेटून फुलते म्हणून बोगनवेल दाखवली आणि कोणी लक्ष दिलं नाही तरी फुलायचं सोडत नाही म्हणून सदाफुली दाखवली. सदाफुलीचा स्वभाव सावळारामला विशेष आवडला.

कुंड्या जिन्यातून वर चढेपर्यंत सबंध बिल्डिंगने आपापलं मत दिलं. समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त हेडमास्तर म्हणाले, काटेरी झाड घरात आलं की नवराबायकोत भांडणं होतात. अश्विनी म्हणाली, त्याच्यासाठी काट्यांची वाट कशाला पाहायची. तळमजल्यावरच्या औषधवाल्याने कोरफड उलटी टांगायचा सल्ला दिला, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी बोगनवेल नैर्ऋत्येला चालत नाही असं सांगितलं आणि नैर्ऋत्य कुठे ते मात्र सांगितलं नाही. सगळ्यात कडक प्रतिक्रिया गावाहून फोनवर आली. "निवडुंग?" रखमाजी म्हणाला. "आरं, बांधावरचा फड्या निवडुंग खांदून खांदून आमचं कंबरडं मोडलं, आन तू त्यो इकत आणून घरात ठिवला?"

सावळाराम डगमगला नाही. नर्सरीवाल्याने कमी पाणी सांगितलं होतं. कमी म्हणजे किती, हा प्रश्न त्याने कारकुनी पद्धतीने सोडवला, म्हणजे तो पुढे ढकलला. वैशाखात सदाफुलीने आपला स्वभाव सोडला. बोगनवेलीच्या काटक्या झाल्या, कोरफड लाल पडली. निवडुंग तेवढे टुमटुमीत होते, आणि सावळाराम येणाऱ्या-जाणाऱ्याला तेवढेच दाखवी. अश्विनी म्हणाली, "अहो, कमी पाणी म्हणजे अजिबात नाही असं नसतं. तुमच्या कालव्याच्या लोकांना पण असंच करता का?"

हा घाव वर्मी लागला. आता पाणी तर मिळालं पाहिजे, पण आपण घालता कामा नये, अशी योजना त्याने आखली. औषधवाल्याकडून त्याने सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, त्यात पाणी भरलं, कपड्यांच्या दोरीवर त्या ओळीने उलट्या टांगल्या आणि प्रत्येकीची नळी एकेका कुंडीत सोडली. चाक फिरवलं की थेंब-थेंब पाणी. सावळाराम स्वतःवर इतका खूश झाला की त्या संध्याकाळी तो दोनदा चहा प्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात त्याची आत्या सखूबाई, एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे, आणि डोळ्यांना पदर. तिच्यामागे गावातली आणखी दोन माणसं, तीही चेहरे पाडून.

"कशी हाय रं अश्विनी?" आत्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

अश्विनी पोळपाट हातात घेऊन बाहेर आली. आत्या तिच्याकडे पाहत राहिली. मग शहाळं खाली ठेवून म्हणाली, "मंग सलाईन कुणाला लावलंय? सगळ्या एसटीनं बघितलं. गेणभाऊ म्हणला, बिचारीला ग्यालरीत टाकलीया, भाड्याची खोली, आत जागा न्हाई."

सावळारामने सगळ्यांना गॅलरीत नेऊन खरा प्रकार दाखवला. मंडळींनी काटक्या झालेल्या बोगनवेलीकडे पाहिलं. त्यांतला एकजण हळूच म्हणाला, "हिचं काय खरं नाय पण." पाहुण्यांचा चहा झाला, आणलेलं शहाळं परत नेणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनीच ते फोडून प्यायलं, आणि जाताना आत्याने सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. गावात बातमी पोचली ती अशी, की अश्विनी बरी आहे पण सावळारामच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय.

त्याच दुपारी एका सलाईनचं चाक निसटलं. पाणी कुंडीतून फरशीवर, फरशीवरून पन्हाळीत आणि पन्हाळीतून कोपऱ्याआडच्या, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, जिथे झुंबरबाईंनी नाचणीचे पापड वाळत घातले होते.

झुंबरबाई या पहिल्या मजल्यावरच्या संपतच्या आई. संपत टेलिफोनमध्ये नोकरीला होता. आंबेगाव तालुक्याच्या डोंगरात, डिंभ्याच्याही वर, त्यांचं भाताचं आणि नाचणीचं रान होतं. गुडघे दुखतात म्हणून संपतने त्यांना इकडे आणलं होतं आणि आता त्या दिवसभर उत्तरेकडच्या सावलीतल्या फ्लॅटमध्ये, ऊन येईल त्या एवढ्याशा कोपऱ्यात पापड वाळवत बसत. ओल्या पापडांचं ताट घेऊन त्या जिना चढून वर आल्या तेव्हा भांडायच्या तयारीनेच आल्या होत्या. पण गॅलरीत पाऊल टाकलं आणि त्यांचं भांडण आपोआप गळून पडलं.

"आगं बाय," त्या म्हणाल्या. "केवढं ह्ये ऊन." बराच वेळ त्या उन्हातच उभ्या राहिल्या. मग त्यांनी कुंड्यांकडे पाहिलं. "भाऊ, हे काय लावलंय? हे खात्यात का?"

"नाही मावशी, शोभेचं आहे."

"आन ह्ये?" त्यांनी निवडुंगाकडे बोट केलं.

"तेही शोभेचंच."

झुंबरबाईंना कीव आली. कोरफडीची माती त्यांनी दोन बोटांनी उकरली, बोगनवेलीची काटकी नखाने खरवडून आत हिरवं आहे का ते पाहिलं. "भाऊ, राग नगा मानू," त्या म्हणाल्या. "पर मला हाताला काम नसलं की मेल्यावाणी व्हतं. ही ग्यालरी मला वाट्यानं द्या. कुंडी, माती, पाणी तुमचं. राबणं माझं. काय निघंल ते निम्मं तुमचं, निम्मं माझं."

सावळारामच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळी नर्सरी पालथी घातली, औषधवाला झाला, सलाईन झालं, आणि बापजाद्यांना ठाऊक असलेला साधा उपाय कसा सुचला नाही? ज्याला स्वतः कसायचं नसतं तो रान वाट्याने देतो. याहून कमी कष्टाची झाडं जगात असूच शकत नाहीत. त्याने तिथल्या तिथे होकार दिला, आणि व्यवहार झाला म्हणून अश्विनीने सगळ्यांना चहा दिला.

पहिले दिवस बहारीचे गेले. झुंबरबाई सकाळ-संध्याकाळ येत, झाडांशी काहीतरी पुटपुटत, पाणी घालत. बोगनवेल फुटली. सावळाराम खुर्चीत बसून हे सगळं मालकाच्या नजरेने बघे. मग बेल्ह्याच्या बाजारावरून परतणाऱ्या एका टेम्पोवाल्याने ओळखीने लेंडीखताचं पोतं टाकलं, आणि तिथून गाडी सुटली. तेलाचे डबे आले, फुटक्या बादल्या आल्या, संपतच्या ऑफिसातल्या वायरींची लाकडी खोकी आली. मिरची आली, घेवडा आला, लसूण आला, एका घमेल्यात चक्क नाचणी आली. कारल्याच्या वेलाने कपड्यांची दोरी धरली, आणि अश्विनीने धुणं गच्चीवर नेलं. निवडुंगांना झुंबरबाईंनी दोन कोपऱ्यांत राखणीला बसवलं.

एका संध्याकाळी खुर्चीत बसल्यावर सावळारामचा गुडघा मिरचीच्या डब्याला लागला. कालपर्यंत लागत नव्हता. त्याने खुर्ची थोडी मागे घेतली. चार दिवसांनी पुन्हा लागला. त्याने पुन्हा मागे घेतली, आणि मग त्याचं रक्तच बोललं. हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. नांगरट झाली की गेणभाऊच्या बापाचं शेत वीतभर रुंद झालेलं असे आणि विचारलं तर तो म्हणे, बैल वढाळ हायेत. सावळारामने खडूने फरशीवर रेघ मारली. झुंबरबाईंनी सकाळी पाणी घातल्यावर फरशी स्वच्छ पुसून काढली.

"मावशी," तो शेवटी धीर करून म्हणाला, "डबा सरकल्यासारखा वाटतो."

"उनाच्या मागं सरकतंय झाड," झुंबरबाई म्हणाल्या. "त्येला काय कळतंय तुमची खुर्ची?"

यावर कायद्यात काही तरतूद आहे का, हे त्याला आठवेना. आषाढापर्यंत खुर्चीचे मागचे पाय उंबऱ्याच्या आत गेले, आणि श्रावण लागायच्या आत पुढचेही. आता एसटीतून फक्त सावळारामची पावलं दिसत असणार, आणि तीही घेवड्याच्या वेलाआडून. बिनबांधाच्या मिळकतीला बांध आला होता आणि तो रोज सरकत होता. या विचाराने त्याला दोन घास कमी जात, आणि ते खोटं नव्हतं.

पहिल्या पिकाची वाटणी झाली ती तर अगदी खळ्यावरच्या रीतीने. झुंबरबाईंनी फडक्यावर मिरच्यांची रास घातली, आधी देवाचं काढलं, मग बियाण्याचं काढलं, मग पाखरांचं काढलं, मग संपतच्या बायकोला दिवस गेलेत म्हणून तिच्या डोहाळ्यांचं काढलं, आणि उरलेल्याचे प्रामाणिकपणे दोन सारखे वाटे केले. सावळारामच्या वाट्याला एका फोडणीपुरत्या मिरच्या आल्या. अश्विनीने त्यांचा ठेचा केला. त्याला मान्य करावं लागलं की असला ठेचा त्याने कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता.

त्याच भरात त्याने वडिलांना फोन केला आणि सहज सांगून टाकलं, "नाना, गॅलरी आपण निम्म्या वाट्यानं दिलीय. एकदम निवांत काम."

"कागूद केला का?" रखमाजीने विचारलं.

"कागद कशाला? तोंडी."

"तोंडी?" रखमाजीचा आवाज बदलला. "म्हातारी राबती, आन तू?"

"मी बसतो."

"सावळ्या," रखमाजी म्हणाला, "कूळ लागंल रं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने रखमाजी हजर झाला. ओढ्याकाठचा जमिनीचा तुकडा त्यांच्या घराण्यात कोणी विसरलं नव्हतं. रखमाजीच्या बापाने तो असाच तोंडी वाट्याने दिला होता आणि स्वतः आंब्याखाली बाज टाकून बसला होता. मग कूळकायदा आला, कसेल त्याची जमीन झाली, आणि आंबा धरून तुकडा गेला. "बसला म्हणून गेला," रखमाजी म्हणाला. "माझा बाप बसला. आन तू बी बसतोय. रक्तातच हाय." त्याने गॅलरीत डोकावून पिकाचा अंदाज घेतला. इतकं जोमदार पीक बघून त्याची खात्रीच पटली की गॅलरी गेल्यात जमा आहे.

"नाना, शहरात कूळकायदा नसतो," सावळाराम म्हणाला. पण म्हणताना त्याचा आवाज जरा हलला. कारण डबे सरकत होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

बापलेक एका ओळखीच्या निवृत्त तलाठ्याच्या घरी गेले. तलाठी दाढी करत होते. साबणाच्या तोंडाने त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "गॅलरीला सातबारा नसतो हो, रखमाजी."

रखमाजीने मुलाकडे पाहिलं. त्या नजरेत धक्का होता आणि दया होती. "सातबारा न्हाई?" तो म्हणाला. "म्हंजी गेणभाऊ म्हणतोय तेच खरं का काय?"

"खरेदीखत आहे, नाना," सावळाराम कळवळून म्हणाला.

"खरेदीखत ऱ्हाऊ दे. कसतंय कोण त्येची नोंद कुठं हुती? पीकपाहणी कोण करतंय?"

तलाठ्यांना दाढी पुरी करायची घाई होती. "गॅलरीची पीकपाहणी?" ते म्हणाले. "रस्त्यावरनं ज्याला दिसंल तो करील."

ते गमतीने बोलले होते. पण रखमाजी परतीच्या वाटेवर बिल्डिंगसमोरच्या गतिरोधकापाशी येऊन थांबला. त्याने रस्त्याकडे पाहिलं, वर गॅलरीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "निमगावची गाडी हितनंच जाती न्हवं?" तो म्हणाला. "मंग झालं. सबंध गाव रोज पीकपाहणी करतंय. उद्यापास्नं गाडीच्या टायमाला तू कसायचं. सगळ्यांम्होरं. पाणी घालायचं, माती हलवायची, किडा वेचायचा. खुर्चीला शिवायचं न्हाई. साक्षीदार एसटीभर."

सावळारामने बराच वाद घातला. गॅलरीत बसण्यासाठी गॅलरी घेतली, बसल्याची शोभा दिसावी म्हणून झाडं आणली, झाडांची चाकरी नको म्हणून ती वाट्याने दिली, आणि आता गॅलरी राखायची तर बसायचं नाही. हे सगळं त्याने नीट क्रमाने मांडून दाखवलं. रखमाजी म्हणाला, "मिळकत आशीच आसती." अश्विनीला हसू आवरत नव्हतं, म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत बसली.

झुंबरबाईंना हे कसं सांगावं, याची सावळारामला भीती वाटत होती. पण त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "करा की भाऊ, लई बरं झालं. माझं गुडघं बी धरल्यात." आणि उंबऱ्याच्या आत गेलेली सावळारामची खुर्ची त्यांनी बाहेर ओढली, मिरचीचा डबा पायाने सहज बाजूला सरकवला आणि खुर्चीत बसल्या. अश्विनीने त्यांच्या हातात चहा दिला. डबा परत आपल्या जागी सरकू शकतो, हे सावळारामला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी कार्यक्रम ठरला. सावळाराम कचेरीतून येई, पँट गुडघ्यापर्यंत दुमडे, बनियनवर गॅलरीत उतरे. झुंबरबाई खुर्चीतून सांगत, "त्या कारल्याला आळं करा. जोरात नगा वतू, मुळं उघडी पडत्यात. भाऊ, त्यो घेवडा राहिला." समोरून एसटी येई, गतिरोधकावर थांबल्यासारखी होई, आणि सावळाराम त्या क्षणी मुद्दाम खुरपं वर धरी, साक्षीदारांना दिसावं म्हणून. खरं सांगायचं तर त्याला ते काम आवडू लागलं होतं. कारल्याला पहिलं पिवळं फूल आलं तेव्हा त्याने कचेरीत चारजणांना सांगितलं. दिवसभर लोकांच्या पाण्याचे अर्ज हलवून झाल्यावर स्वतःच्या हाताने एका झाडाला पाणी घालण्यात काहीतरी होतं, जे त्याला खुर्चीत कधी सापडलं नव्हतं. अर्थात हे त्याने नानांना सांगितलं नाही. नाही तर ते म्हणाले असते, मग गावाकडं ये.

त्यांच्याकडे बैलपोळा भाद्रपदात असे, त्याला सावळाराम गावी गेला, तो पिशवी भरून कारली आणि मिरच्यांचा वानवळा घेऊन. नवीन पीक निघालं की आधी भावकीत आणि शेजाऱ्यांत थोडं-थोडं वाटायचं, ही गावची रीत. घरच्या मालकीच्या गॅलरीतला वानवळा गेणभाऊच्या हातात ठेवायचा, म्हणजे सातबाऱ्याशिवाय विषय मिटला, अशी त्याची खात्री होती. पारावर रंगवलेल्या शिंगांचे बैल उभे होते, रखमाजी आपल्या जोडीला कवटाळून उभा होता, आणि गेणभाऊ पायरीवर बसला होता. सावळारामने दोन कारली त्याच्या पुढ्यात ठेवली.

गेणभाऊने कारलं हातात घेऊन फिरवून बघितलं. मग त्याने सावळारामकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात पूर्वीची टिंगल नव्हती. उलट माया होती, आणि तीच सावळारामला जड गेली.

"सावळाराम," गेणभाऊ म्हणाला, "मी तुला काय-बाय बोललो, ते सोड. रोज संध्याकाळी बघतोय मी गाडीतनं. कचेरीतनं दमून येतोस आन त्या म्हातारीच्या ग्यालरीत पाणी घालतोस. बाई बसून चा पिती, आन तू वाकून माती हलवतोस. लाज न्हाई बाळगली कष्टाची. घरचं संस्कार, दुसरं काय."

पारावरच्या चारजणांनी माना डोलावल्या. सावळारामने तोंड उघडलं. गॅलरी माझी आहे, खुर्ची माझी आहे, कपसुद्धा माझाच आहे, हे सगळं ओठावर आलं. त्याने वडिलांकडे पाहिलं. रखमाजी बैलाच्या शिंगाला गोंडा बांधण्यात एकदम गढून गेला होता.

"म्हातारी पगार देती का?" गेणभाऊने आस्थेने विचारलं.

"पगार नाही," सावळारामच्या तोंडून निघून गेलं. "निम्मा वाटा."

"कागूद केलाय?"

"नाही. तोंडी."

गेणभाऊने चहूकडे बघितलं, जवळ सरकला आणि सावळारामच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "मंग करू बी नगंस. गप राबत ऱ्हा. म्हातारी नुसती बसूनच आसती. उद्या कूळ लागलास, तर ती ग्यालरी तुझी व्हईल."